महीकाठच्या घोळीची मुळं

बडोद्याला जाणारे लोक राजवाडा पाहून येतात, संग्रहालय पाहून येतात, हौशी असतील तर लहरीपुऱ्याच्या दुकानांतून बांधणीच्या साड्या घेऊन येतात. मी यांतलं काही पाहिलं नाही. मी पाहून आले ते खरबुजाच्या वाडीतलं तण, एक बकरी, आणि काचेच्या बशीत वाढणारी बुरशी. साताऱ्याला परतल्यावर मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. दुःखाने माणसाचं असं होतं, असा त्यांचा समज झाला असावा. म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी हळू लिहिते. वाचणाऱ्यानेही घाई करू नये.

दुःख होतं हे खरं. माझी धाकटी बहीण शालिनी, आमची शालू, बडोद्यात राहून पिकांच्या रोगांचा अभ्यास करत असे. लग्न केलं नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे वेळ मिळाला नाही. हिवाळ्यात ती आजारी पडली, माझ्याकडे साताऱ्याला आली आणि तिथेच गेली. तिची बडोद्याची भाड्याची खोली तशीच होती. ती रिकामी करून द्यायला मी भर उन्हाळ्यात निघाले.

माझं सगळं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं. आमच्याकडे बुरशी म्हणजे शत्रू. पावसाळा आला की डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला घेऊन मी कपाटाकपाटातून तिच्या मागे असे. आणि माझी सख्खी बहीण तिकडे तीच पोसून वाढवत होती. दोघी भेटलो की हा विषय आम्ही समजूतदारपणे टाळत असू.

दांडिया बाजार

गाडीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. स्टेशनवरून रिक्षावाल्याने मला दांडिया बाजारात आणून सोडलं आणि मी पत्ता विचारायला तोंड उघडणार, तोच वरच्या गॅलरीतून आवाज आला, "ताई ना तुम्ही? शालूच्या ताई? चेहराच सांगतो! वर या, वर या, सामान तिथेच राहू दे, काही वांधो नाही!"

या सुमनवहिनी, शालूच्या घरमालकीणबाई. त्यांचे पणजोबा संस्थानच्या नोकरीसाठी कोकणातून इकडे आले आणि मग कोणी परत गेलंच नाही. घरात मराठी बोलतात. पण त्या मराठीत गुजराती इतकी मुरली आहे की त्यांना ती वेगळी काढून दाखवता येत नाही. "आम्ही एकदम शुद्ध बोलतो हं," त्या म्हणाल्या, "सातारा-पुण्याची माणसं आली की बराबर समजतं त्यांना."

मला बराबर समजलं.

बैठकीच्या खोलीत मोठा हिंचका होता. आमच्याकडे झोपाळा अंगणात किंवा गच्चीत असतो आणि त्यावर मुलं बसतात. इथे तो घराच्या मधोमध असतो आणि त्यावर बसून लोक भाजी निवडतात, पेपर वाचतात, आणि समाचाराला आलेल्या माणसाचं सांत्वनही करतात. सुमनवहिनींनी मला हात धरून शेजारी बसवलं, डोळ्यांना पदर लावला आणि सवयीने पायाने जमिनीला रेटा दिला. माझी बहीण गेल्याचं दुःख आम्ही दोघींनी मागेपुढे झुलत केलं. सुरुवातीला मला ते फार चमत्कारिक वाटलं. मग लक्षात आलं की अशाने रडणं सोपं जातं. निदान पाय मोकळे राहतात.

संध्याकाळी शेजारच्या बायका आल्या. आमच्याकडे समाचाराला आलेलं माणूस "वाईट झालं" म्हणतं, जमिनीकडे बघत बसतं आणि चहा नको म्हणून उठतं. इथे पांढऱ्या साड्या नेसून त्या ओळीने बसल्या आणि शालूबद्दल बोलायला लागल्या. थांबेचनात. शालूने कोणाच्या तुळशीचं दुखणं बरं केलं होतं, कोणाच्या कुंडीतलं लिंबू तपासायला नेलं होतं ते परत आणलंच नव्हतं.

"आणि फ्रीज!" सुमनवहिनी म्हणाल्या. "ताई, तिचा फ्रीज लहान. तर माझ्या फ्रीजचं खालचं खानं पूरं तिचं. पिशव्या, पिशव्या, पिशव्या. प्रत्येकीत मुळ्या. माती लागलेल्या! मी कधी ना नाही म्हटलं. पण एकदा काय झालं, घरी पाहुणे, मी घाईत कोथिंबीर म्हणून पिशवी काढली, मिक्सरमध्ये घातली, वरून मिरच्या, लिंबू..."

"मग?"

"मग शालू वरून आली ना! अशी किंचाळली, अशी किंचाळली! मला वाटलं मिक्सरमध्ये साप आहे. म्हणते, वहिनी, हे खरबुजाच्या वाडीतलं तण आहे, दोन दिवस उन्हात वणवण करून आणलंय! मी म्हटलं, बाई, मग वर लिहीत जा ना. तर म्हणते, लिहिलंय की. लिहिलं होतं. लॅटिनमध्ये."

पांढऱ्या साड्यांची ओळ हसली. मी त्या हसण्याने दचकले आणि मग, थोड्या उशिराने, मलाही हसू आलं. समाचाराला आलेल्या बायकांसमोर आपण हसलो याची मला रात्री जेवताना लाज वाटत होती. आमटी मात्र इतकी गोड होती की ती लाज मागे पडली. मी मीठ मागितलं. वहिनींनी प्रेमाने साखर पुढे केली.

हेतल

दुसऱ्या दिवशी मी शालूची पुस्तकं खोक्यांत भरत होते तेव्हा दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. उंच, बारीक, खांद्याला भली मोठी पिशवी. ही हेतल. शालूच्या हाताखाली पीएच.डी. करणारी तिची शेवटची विद्यार्थिनी. मॅडमची बहीण म्हणजे मावशी, असा सरळ हिशेब करून तिने मला "मासी" म्हटलं आणि खाली वाकली. शालूकडे तिने मराठी उचललं होतं. वहिनींपेक्षा तिचं मराठी शुद्ध होतं, पण हे वहिनींना सांगण्यात अर्थ नव्हता.

ती बसली, पाणी प्यायली, आणि तिने मला बुरशी समजावून सांगितली. मी तिने सांगितलं तसंच लिहिते. चूक असेल तर माझी.

मातीत एक बुरशी असते. ती पिकाच्या मुळांत शिरते आणि मूळ कुजवते. खोड चिरून पाहिलं तर आत कोळशाची पूड भरल्यासारखे काळे कण दिसतात. खरबुजाच्या वेलीला ही लागली की वेल अगदी फळ पिकायच्या वेळेला, भर उन्हात, माना टाकते. हे सगळ्यांना माहीत आहे. पण वाडीत जे तण उगवतं, त्याच्याही मुळांत हीच बुरशी बसलेली असते आणि तण मात्र हिरवंगार हसत असतं. "घरात चोर ठेवून घ्यायचा आणि आपण तुळशीला पाणी घालायचं, तसं," हेतल म्हणाली. शालूचा प्रश्न असा होता, की तणांतली ही बुरशी सगळी एकसारखी असते का? की एकाच वाडीत, एकाच नावाखाली, निरनिराळ्या स्वभावाच्या बुरश्या राहतात?

दोघींनी मिळून कितीतरी वाड्यांतलं तण गोळा केलं होतं. प्रत्येकाच्या मुळातली बुरशी बशीत वाढवली की दोन-तीन दिवसांत बशी काळी होई. फक्त मही नदीकाठच्या एका वाडीतल्या घोळीच्या मुळातून जी निघाली, ती काळी झाली नाही. पांढुरकी राहिली आणि पिसासारखी, झुपक्याझुपक्याने वाढली. आणि खरबुजाच्या रोपांना लावून पाहिली तर तिने रोपं इतरांपेक्षा कितीतरी लवकर मारली.

"मॅडम एवढ्या खूश झाल्या होत्या मासी, की आम्ही दोघी सेव-उसळ खायला गेलो."

"मग आता अडचण काय?"

अडचण अशी, की शालू साताऱ्याला माझ्याकडे असताना इकडे प्रयोगशाळेतलं शीतकपाट बिघडलं आणि नेमक्या त्या पांढुरक्या बुरशीच्या नळ्या मेल्या. बाकीच्या जगल्या. हेतलला आता नवे मार्गदर्शक मिळाले होते. त्यांनी प्रबंध वाचला आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, की बाईंचा आजार तेव्हाच सुरू झाला असेल. थकव्यात बशीचं झाकण उघडं राहिलं असेल, हवेतून दुसरीच काही बुरशी पडली असेल. पुरावा हातात नाही. ते प्रकरण गाळून टाका.

"चाळीस पानं," हेतल म्हणाली. "पण पानांचं जाऊ दे मासी. मी होते ना तिथे. झाकण उघडं नव्हतं."

मी हातातलं पुस्तक खोक्यात ठेवलं. शालूने माझ्या घरी शेवटच्या दिवसांत, ग्लानीत, दोनदा "पिसासारखी" असं म्हटलं होतं. मला वाटलं होतं, तिला उशीबद्दल काही सांगायचं आहे. मी उशी बदलून दिली होती.

"ती वाडी अजून आहे?" मी विचारलं.

"आहे. पण खरबूज संपत आलं. अजून थोडे दिवस आणि रमणभाई नांगर घालतील. मी त्यांना फोन केलाय, उद्या येते म्हणून." ती थोडी घुटमळली. "मॅडमच्या बहीण पण येतील, असं सांगितलंय. चालेल ना?"

महीकाठ

हेतलच्या स्कूटरवर मागे बसून मी बडोदे पाहिलं असं म्हणता येईल. फक्त डोळे मिटलेले होते. वासण्याकडून शहराबाहेर पडेपर्यंत मी शालूच्या बुरशीचा विचार करत होते, त्यानंतर स्वतःचा. इथले लोक स्कूटर चालवताना एकमेकांशी गप्पा मारतात, आणि त्या शेजारच्या स्कूटरवरच्या माणसाशी मारतात. एका बाईंनी धावत्या स्कूटरवरून हेतलला लग्न कधी म्हणून विचारलं. हेतलने "प्रबंध झाल्यावर!" असं ओरडून उत्तर दिलं. ओळखीच्या का, तर नाही. सिग्नलला भेटल्या होत्या.

महीचं पात्र रुंद आहे. आमच्या कृष्णेसारखा घाट, देऊळ, पायऱ्या असं काही त्या ठिकाणी नव्हतं. वाळू, दूरवर पाणी, आणि काठाच्या गाळात हिरव्या चौकोनांसारख्या वाड्या. खरबुजाचा वास वाऱ्यावर येत होता. तो वास घेतल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की शालू इथे इतकी वर्षं का रमली, ते कळण्यासारखं आहे.

रमणभाई आणि त्यांच्या पत्नी कोकिलाबेन रस्त्यावर येऊन उभे होते. रमणभाई साठीचे, डोक्याला पांढरा रुमाल. कोकिलाबेनचा आवाज नदीपलीकडे जाईल असा. दोघांनी हात जोडले. "मॅडम भारी माणूस," रमणभाई गुजरातीत म्हणाले. "उन्हात बसायच्या. आम्ही खाट टाकली तरी मातीत बसायच्या." त्यांनी डोळे पुसले आणि मोठ्या अभिमानाने हात वाडीकडे केला. "आवो. जुओ."

आम्ही पाहिलं. हेतलच्या हातातली पिशवी खाली पडली.

वाडीत गवताची काडी नव्हती. वेलींच्या मधली जमीन इतकी स्वच्छ होती की तिथे पंगत बसवता आली असती. कोणीतरी झाडू मारल्याच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

"रमणभाई," हेतल अगदी हळू म्हणाली, "निंदामण कुठे गेलं?"

"काढलं!" रमणभाई म्हणाले. "काल सकाळपासून पाच बायका लावल्या. मॅडमनां बेन पहिली वार आवे ने वाडीमां घास होय? सारुं लागे? बरं दिसतं?"

इथे मला हे सांगायला हवं, की आमच्याकडेही पाहुणे येणार म्हटलं की अंगण सारवतात. त्यामुळे मला राग आला नाही. मी रडवेली झाले इतकंच. हेतलने मात्र रमणभाईंना विचारलं, की इतकी वर्षं मॅडम काय न्यायला येत होत्या, हे तुम्ही पाहत होतात ना?

"पाहत होतो ना," रमणभाई म्हणाले. "म्हणून तर. दर वेळी बिचाऱ्या माझं तण काढत बसायच्या. मला किती शरम वाटायची! माणसं काय म्हणतील, रमण शिकलेल्या बाईकडून निंदणी करून घेतो?"

"आणि काढलेलं? काढलेलं कुठे टाकलंत?"

रमणभाईंनी बांधापलीकडे बोट दाखवलं. तिथे राखेचं एक वर्तुळ होतं, तेही नीट, आजूबाजूने झाडलेलं. "ढीग बरा दिसत नव्हता," ते म्हणाले.

हेतल राखेपाशी जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा पाहून कोकिलाबेनने नवऱ्याला जे काही ऐकवलं ते मला शब्दशः कळलं नाही, पण लग्नाला बरीच वर्षं झालेल्या कुठल्याही बाईला कळलं असतं. रमणभाई रुमाल सोडून परत बांधू लागले. शेजारच्या वाड्या पाहू म्हणाले, पण शेजारच्यांनी खरबूज काढून केव्हाच नांगरलं होतं. हेतल म्हणाली, शेजारचं तण असतं तरी उपयोग नव्हता. ती पिसासारखी फक्त याच वाडीत निघाली होती.

"जेवून घ्या," कोकिलाबेन म्हणाल्या.

झोपडीच्या सावलीत आम्ही जेवायला बसलो. बाजरीचे रोटले, ताक, कापलेलं खरबूज, आणि पितळी वाटीत डाळीबरोबर शिजवलेली एक पालेभाजी. हेतल रोटल्याचा तुकडा हातात धरून नुसती बसली होती. मला भूक नव्हती, पण नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून मी भाजीचा घास घेतला. आंबटसर, खारट, किंचित बुळबुळीत. ही चव माझ्या ओळखीची होती. आमची आई उन्हाळ्यात ही भाजी मुगाच्या डाळीत करत असे, आणि शालूला ती अजिबात आवडत नसे.

"कोकिलाबेन," मी म्हटलं, "ही घोळ ना?"

"लूणी," त्या म्हणाल्या. "काल निंदताना निघाली ना वाडीत. कोवळी होती. म्हटलं, फेकण्यापेक्षा पाहुण्यांना..."

हेतलने माझा हात धरला. दुसरा घास तोंडापाशी होता. "मासी, खाऊ नका!" ती ओरडली. "थांबा! ती पोर्चुलाका आहे!"

कोकिलाबेनचा चेहरा पडला. "झेर छे?"

"नाही, नाही, विष नाही! तोच आमचा नमुना आहे!"

माझ्यापुढे मोठा पेच होता. तोंडातला पहिला घास अजून गिळला नव्हता. तो गिळावा, की शास्त्रासाठी जपून ठेवावा, ते कळेना. हेतलने माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाली, "शिजलेली चालत नाही. गिळा."

मी गिळला. मग विचारलं, "आणि मुळं?"

कोकिलाबेन आधीच उठल्या होत्या. मुळं त्यांनी चिरताना कापून मागे उकिरड्यावर टाकली होती. आम्ही सगळे मागे धावलो. मी धावले, हे मी मुद्दाम नोंदवते. साताऱ्यात मला कोणी धावताना पाहिलेलं नाही.

उकिरड्यावर कांद्याची सालं होती, खरबुजाच्या बिया होत्या, आणि त्या सगळ्यावर पाय रोवून एक तपकिरी बकरी उभी होती. तिच्या तोंडातून लालसर मुळांचा झुपका दोन्ही बाजूंनी लोंबत होता. तिने आमच्याकडे पाहिलं आणि चावायचं थांबवलं नाही.

"हट!" रमणभाई ओरडले. बकरीने एक पाऊल मागे घेतलं आणि झुपका थोडा आत ओढला. "मारू नका, पळेल!" हेतल म्हणाली. कोकिलाबेन रोटला घेऊन आल्या, बकरीने रोटल्याकडे पाहिलं, मुळांकडे पाहिलं, म्हणजे पाहिल्यासारखं केलं, आणि ठरवता येईना म्हणून उभी राहिली. मी तिच्या सगळ्यांत जवळ होते. मी पदर खोचला, पुढे झाले आणि लोंबणारी मुळं दोन्ही हातांनी धरली.

बकरीशी ओढाओढी करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. ती दिसते त्यापेक्षा जोरकस असते. तिने डोकं झटकलं, मी गुडघ्यावर आले. रमणभाईंनी तिच्या मागून कान धरला, कोकिलाबेनने रोटला तिच्या नाकाला लावला, आणि हेतल सारखी ओरडत होती, "मासी, बारीक मुळं तोडू नका! बारीक मुळं!" शेवटी बकरीने स्वतःच्या मर्जीने तोंड उघडलं आणि रोटला घेतला. मी मागे, कांद्याच्या सालांत बसले. हातात मुळांचा झुपका होता. थोडा ओला, थोडा चावलेला, पण होता.

रमणभाई माझ्याकडे टक लावून पाहत होते. "मॅडमनां ज बेन," ते बायकोला म्हणाले. मॅडमचीच बहीण, यात शंका नाही.

सालांखालून हेतलने आणखी थोडी मुळं वेचली. सगळी ओल्या कागदात गुंडाळली. निघताना रमणभाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, की त्या मुळांत जे काही आहे त्यानेच त्यांच्या कोपऱ्यातल्या वेली दर वर्षी सुकतात का. हेतल म्हणाली, तेच तर शोधतोय. मॅडमना वाटत होतं, हो.

"तो शोधी काढो, मग शोधून काढा," रमणभाई म्हणाले. "आता मीपण वाट बघतो."

ऊन चढलं होतं आणि मुळं थंड ठेवायला हवी होती. रस्त्यात बर्फाच्या गोळ्याची गाडी दिसली. हेतलने डबा पुढे केला आणि म्हणाली, नुसता बर्फ भरा. गाडीवाल्याने बर्फ किसून भरला आणि हात सवयीने बाटलीकडे गेला. "कालाखट्टा के ऑरेंज?" "काही नको!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. नुसता बर्फ खाणाऱ्या बायकांकडे तो फार वेळ दयेने पाहत राहिला.

बटाटे

बुरशीला वाढायला बटाट्याच्या पाण्याची जेली लागते. संध्याकाळी प्रयोगशाळेत मी टेबलाशी बसून बटाटे सोलले. ग्रंथपालाने बुरशीसाठी स्वयंपाक करावा, हे शालूने पाहायला हवं होतं. बटाटे उकडले, पाणी गाळलं, त्यात साखर घालताना मी सवयीप्रमाणे हात आखडता घेतला.

"मासी, साखर पुरी घाला," हेतल म्हणाली. "बुरशी पण बडोद्याचीच आहे."

मुळं धुतली, औषधाच्या पाण्यात बुडवली, त्यांचे इवलेसे तुकडे केले आणि पाच बशांतून जेलीवर ठेवले. त्या वेळी मला श्वाससुद्धा बाजूला घ्यायला सांगितलं होतं. झाकणं बसली, बशा उबेच्या कपाटात गेल्या.

मग थांबणं आलं. मी परतीचं तिकीट पुढे ढकललं. दिवसा शालूची खोली आवरत होते. तिच्याकडे साड्या थोड्याच होत्या, पण कपाटाखाली बुटांचे जोड निघाले, आणि प्रत्येकात महीची वाळू. मी ते गॅलरीत नेऊन झटकले. खाली रस्त्यावरून जाणाऱ्या एका गृहस्थांच्या डोक्यावर ती पडली. त्यांनी वर पाहिलं, मी "माफ करा" म्हणायच्या आत ते म्हणाले, "शालूबेन पाछां आवी गयां?"

शालू परत आली असं त्यांना वाटलं, ती गेल्याचं माहीत नव्हतं. शालू गेली हे मी दुसऱ्या मजल्यावरून, हातात बूट धरून, परक्या भाषेत सांगितलं. ते वर आले, हिंचक्यावर बसले आणि सुमनवहिनींनी चहा ठेवला.

रात्री वहिनी रोज विचारायच्या, "उगवली का तुमची?" आणि मी म्हणायची, "अजून नाही." शेजारणी विचारायला लागल्या. दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत एखाद्या बाळंतिणीची चौकशी व्हावी तशी ती चौकशी चालली होती. मला मनातून भीती वाटत होती. बशी काळी निघाली तर सौम्य बोलणारे ते सर बरोबर ठरणार होते, आणि माझी बहीण थकलेली, चुकलेली म्हणून चाळीस पानांसकट गाळली जाणार होती.

प्रयोगशाळा

सकाळीच हेतलचा फोन आला. ती फक्त "या" म्हणाली. चांगलं की वाईट, ते तिच्या आवाजावरून कळेना.

मी पोचले तेव्हा तिचे सर आधीच आले होते. बारीक चणीचे, खरोखरच सौम्य गृहस्थ. माझ्यासाठी उठून उभे राहिले. हेतलने कपाट उघडून वरची बशी काढली, न उघडता प्रकाशासमोर धरली, आणि त्यांच्या हातात दिली.

मीही पाहिलं. मुळाच्या तुकड्याभोवती पांढुरकं, हलकं काही पसरलं होतं. झुपक्याझुपक्यांनी. कबुतराने खिडकीत एखादं पीस सोडून जावं तसं. काळं कुठेच नव्हतं.

सरांनी बशी फिरवली. खालून पाहिली. मग हेतलला बारीकसा ठिपका काढायला सांगितला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. भिंतीवरचा पंखा बंद होता, कारण वाऱ्याने धूळ येते. घाम मानेवरून उतरत होता आणि पुसायला हात हलवायचीही मला भीती वाटत होती.

"हवेतली नाही," ते शेवटी म्हणाले. "तीच आहे. जात तीच, पण वाढ निराळी." डोळा न काढताच त्यांनी पुढे सांगितलं, "प्रकरण ठेवा. आणि मॅडमचं नाव वर लिहा."

हेतलने मान हलवली. तिला आता लगेच काम होतं. ही वाढ नव्या बशीत घ्यायची होती, पुन्हा मरू नये म्हणून. तिने दिवा पेटवला, सुई तापवली, झाकण किंचित उचललं. मी वाकून पाहत होते. इतक्या जवळून मी माझ्या शत्रूकडे कधी पाहिलं नव्हतं. शालूने हेच पाहिलं होतं, आणि ते खरं होतं, आणि शेवटपर्यंत तिला दुसरं काही सांगायचं नव्हतं. माझे डोळे भरून आले. पहिला थेंब हनुवटीपर्यंत आला असेल.

"मासी!" हेतलने झाकण पटकन लावलं आणि कोपराने मला मागे सारलं. "डिशच्या वर नाही! डिशच्या वर नाही!"

सरांनी मला अदबीने दाराबाहेर आणलं, कॉरिडॉरमध्ये बाकावर बसवलं, आणि वारा आत जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. मी तिथे बसून पदरात तोंड घालून रडले. साताऱ्यात इतकं रडले नव्हते. तिथे सतत कोणीतरी पाणी आणून देत असे.

थोड्या वेळाने दार बोटभर उघडलं. आतून हेतलचा आवाज आला, कामात असलेल्या माणसाचा असतो तसा.

"मासी, रडून झालं की हात धुऊन आत या. अजून चार बाकी आहेत."